सहा साखळ्यांचं मैदान

एप्रिल आला की आमच्या एनस्खेडेत लोक सायकल चालवताना हातमोजे काढतात आणि कालव्यापलीकडच्या मैदानावरून चेंडू लाकडावर बसल्याचा आवाज यायला लागतो. क्रिकेटच्या बॅटचा आवाज भरलेला असतो. हा कोरडा, सुटा, अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा. डच माणसं बेसबॉल खेळतात यावर आमच्याकडे कुणाचा विश्वास बसत नाही. मलाही इथे येऊन चार वर्षं होईपर्यंत पत्ता नव्हता. इथे त्याला होंकबाल म्हणतात, आणि शनिवारी दुपारी वीस-पंचवीस माणसं कॉफीचे कप घेऊन, कुंपणाला टेकून, तो मोठ्या गांभीर्याने बघतात. यंदाचा पहिला आवाज परवा आला. मी भांडी घासत होते. साबणाच्या हातांनीच खिडकी उघडली आणि उगाच उभी राहिले.

उगाच म्हणणं खरं नाही. तो आवाज आला की मला तो एक वसंत आठवतो, ज्यात तो आलाच नव्हता. करोनाचं पहिलं वर्ष. मैदानाच्या फाटकाला कुलूप, त्यावर गेमेंटेचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, पिवळा कागद. मैदान राखणारा माणूस तेवढा दर मंगळवारी येऊन गवत कापून जायचा. खेळणारं कुणी नव्हतं, तरी चुन्याच्या रेषाही आखायचा. कापलेल्या गवताचा वास कालवा ओलांडून माझ्या टेबलापर्यंत यायचा. न होणाऱ्या सामन्यासाठी मैदान तयार ठेवणं मला तेव्हा निव्वळ वेडेपणाचं वाटलं. आणि महिन्याभरात मी स्वतः तेच करायला लागले, तेही अशा मैदानांसाठी, जी सव्वाशे वर्षांपूर्वीच नाहीशी झाली होती.

हे सगळं विममुळे झालं. विम माझा शेजारी, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला, वयाने सत्तरीच्या पुढचा. आमच्या दोन बागांच्या मध्ये बीचच्या झुडपांचं कमरेएवढं कुंपण आहे. दीड मीटर अंतर ठेवायचा नियम आला, तेव्हा विमने टेपने मोजून आपल्या खुर्चीचे पाय जिथे यायला हवेत तिथे विटा पुरल्या. रोज सकाळी साडेदहाला तो त्या विटांवर खुर्ची मांडून कॉफी प्यायचा, सोबत एक बिस्किट. दुसरं बिस्किट मी त्याच्या हातात कधी पाहिलं नाही.

विम संगणकावर एक खेळ खेळत असे. खेळत असे म्हणजे काय, तर बघत बसत असे. त्यात बटणं दाबून चेंडू मारायचा नसतो. जुन्या काळचे खरे खेळाडू, त्यांच्या खऱ्या कामगिरीचे आकडे आणि एक मैदान एवढं त्याला द्यायचं. मग संगणक आपला आपण सामने खेळतो आणि निकाल सांगतो. विम आणि त्याचे दूरदूरचे दहा-बारा समवयस्क मित्र मिळून एकोणिसाव्या शतकातले अमेरिकेतले हंगाम पुन्हा खेळवत होते. खरे सामने बंद पडल्यामुळे त्यांच्या उत्साहाला ऊत आला होता. अडचण मैदानांची होती. खेळाडूंचे आकडे जुन्या वर्तमानपत्रांत सापडतात. मैदानं लाकडी होती, ती जळाली, मोडली, त्यांच्यावर गोदामं उभी राहिली. कुंपण किती लांब, किती उंच, वारा कुठून येतो, हे त्या खेळाला सांगावं लागतं. नाही सांगितलं तर तो सगळ्या सामन्यांना एकच सपक मैदान लावतो.

"बूरव्राउ, तू नकाशांचं शिकली आहेस ना?" विमने एका सकाळी विचारलं. बूरव्राउ म्हणजे शेजारीण. माझं नाव मुक्ता आहे हे त्याला ठाऊक आहे, पण नातं नावापेक्षा मोठं, असं त्याचं मत असावं. मी इथे नकाशाशास्त्र शिकायलाच आले होते आणि आता एका कंपनीत नद्यांच्या पुराचे नकाशे करते. बेसबॉलमधलं मला काही म्हणता काही कळत नव्हतं. पण नाहीशा झालेल्या जागा शोधायच्या म्हटल्यावर माझ्याने राहवेना.

काय काय सापडलं म्हणून सांगू! अमेरिकेत आगीच्या विम्यासाठी काढलेले शहरांचे नकाशे असतात, विटांच्या इमारती गुलाबी, लाकडाच्या पिवळ्या. त्या गुलाबी-पिवळ्या दाटीत मध्येच एक कोरा चौकोन दिसला की मी खुर्ची पुढे ओढायचे. एका मैदानाच्या आत दूरवर घोडागाड्या उभ्या करायची सोय होती आणि चेंडू गाड्यांखाली गेला तर क्षेत्ररक्षक घोड्यांच्या पायांतून तो शोधत. एका मैदानात भरात आलेलं झाड होतं, ते कुणी तोडलंच नाही. एका ठिकाणी गवत इतकं वाढे की चेंडू हरवे आणि खेळ थांबे. मला प्रश्न पडत राहायचे. घोडे बुजत नसतील का? झाडावर पक्षी कुठले? बाकांना नवा रंग दिला असेल तेव्हा बायकांचे झगे खराब झाले असतील का? विम म्हणायचा, यातलं काहीच खेळाला लागत नाही. मी म्हणायचे, मला लागतं.

माझा रोजचा दुसरा श्रोता फलटणला होता. माझे वडील, अण्णा. चौतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात नोकरी केलेले भूकरमापक. जमीन मोजायची लोखंडी साखळी खांद्यावर घेऊन शेतोशेत फिरलेले, म्हणून लोक त्यांना मोजणीवाले म्हणत. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि अण्णा फलटणच्या घरात एकटे राहत होते. माझी मोठी बहीण, ताई, पुण्याला. पण जिल्ह्याबाहेर जायचं तर पास, आणि पास मिळेना. ताईने लॉकडाऊनच्या आधी त्यांना एक टॅबलेट घेऊन दिला होता. माझी सकाळ आठची झाली की त्यांची साडेअकराची होई. फोन लावला की आधी छताचा पंखा दिसे, मग कपाळ, मग अण्णा.

आई गेल्यापासून अण्णांशी फोनवर बोलणं अवघड झालं होतं. जेवलात का, जेवलो. बरं आहे ना, बरं आहे. पुढे दोघंही आपापल्या खिडकीबाहेर बघत बसायचो. एकदा बोलायला विषयच उरला नाही म्हणून मी त्यांना एका मैदानाचा नकाशा दाखवला, आणि अण्णा टॅबलेटच्या इतके जवळ आले की मला फक्त त्यांचा चष्मा दिसू लागला.

त्यांनी विचारलं, पळतात कुठे ही माणसं? मी सांगितलं, चार कोपऱ्यांचा चौकोन असतो, त्याला फेरी घालतात. फटका समोरच्या पाव वर्तुळात गेला तर चालतो, बाकी दिशांना गेला तर फुकट. एवढी जमीन फुकट सोडायची हे अण्णांना पटेना. मग त्यांनी उत्तर दिशा कुठे आहे ते विचारलं आणि बोट ठेवून म्हणाले, बसायची बाकं पश्चिमेला असणार. सामने दुपारचे. पैसे देऊन आलेला माणूस उन्हाकडे तोंड करून बसत नाही. मी दोन दिवस वर्तमानपत्रं चाळून जे शोधत होते, ते अण्णांनी चहा निवायच्या आत सांगितलं.

त्यानंतर आमचं बोलणं संपेना. एकदा तर मी फोन कुंपणावर धरला आणि अण्णांची विमशी गाठ घालून दिली. अण्णांचं इंग्रजी सरकारी, विमचं शाळामास्तरी. नमस्कार-चमत्कार झाल्यावर अण्णांनी पहिला प्रश्न विचारला, की हे मधलं कुंपण कुणाच्या मालकीचं? विमला फार आनंद झाला. निम्मं-निम्मं, तो म्हणाला, हद्द झुडपांच्या बुंध्यांच्या बरोबर मधून जाते आणि तसा कागद आहे. अण्णांनी मान डोलावली. त्या देशात शिस्त आहे, असं ते मला मागाहून म्हणाले, आणि माझ्याविषयीची त्यांची काळजी तेव्हापासून थोडी कमी झाली असावी.

जूनमध्ये विमच्या एका अमेरिकन मित्राने एक कागद पाठवला. नदीकाठच्या एका छोट्या गावातलं मैदान. तिथला संघ दोनच वर्षं टिकलेला. जागेचा मालक आणि संघ यांच्यात भांडण होऊन प्रकरण कोर्टात गेलं होतं, आणि हा त्या खटल्यातला हातनकाशा. बोरूने काढल्यासारखी अक्षरं, शाई उडालेली, खालचा प्रमाणाचा पट्टा फाटून गेलेला. मला अक्षरही लागेना. अण्णांना दाखवला तर ते खूश झाले. भांडण असलं की नकाशा चांगला असतो, म्हणाले. शांततेतला मोजणीदार आळशी होतो.

त्यांनी चार दिवस घेतले. टॅबलेटवर बघून कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीने नकाशा उतरवला, चारी बाजू, कोपऱ्यातलं झाड, ओढा, फाटक, आणि शेजारी रकाना आखून सगळी अंतरं फुटांत लिहून त्याचा फोटो मला धाडला. काय अक्षर होतं! मी लहानपणी त्यांच्या टेबलाखाली बसून त्यांच्या पेन्सिलीच्या साली गोळा करायचे, तेव्हाचंच अक्षर. उजवीकडचं कुंपण दोनशे फुटांच्याही आत आलं होतं. मला ते तोकडं वाटलं, पण त्या काळी तोकडी मैदानं असत, आणि अण्णांची मोजणी चुकते कुठे, या विश्वासावर मी आकडे जसेच्या तसे भरले. विमने मैदान आपल्या हंगामात लावलं.

तो उन्हाळा मला आता रंगांनी आठवतो. कालव्याचं हिरवं-काळं पाणी, विटांची लाल घरं, एकही विमान नसलेलं निळं आभाळ. सुपरमार्केटच्या दारात ढकलगाडीचा दांडा पुसणारी मुलगी. सायकलने वीस मिनिटांवर जर्मनीची हद्द, आणि एरवी जिथे पाटी दिसायच्या आत माणूस पलीकडे जातो, तिथे आडवे घातलेले लोखंडी कठडे. हद्द म्हणजे काय हे आम्हाला तेव्हा नव्याने कळत होतं. अण्णांच्या आणि माझ्यामधलं अंतर तर कुठल्याच साखळीने मोजण्यासारखं राहिलं नव्हतं. पण सकाळी आठला पंखा दिसे, कपाळ दिसे, आणि मला वाटे, चाललंय की आपलं छान.

पुण्यात ताईला तसं वाटत नव्हतं. अण्णांचं दूध दोनदा उतू गेलं होतं. एकदा गॅस चालू राहिला होता, तो शेजारच्या काकूंनी वासावरून ओळखला. सकाळी फोन केल्याचं ते संध्याकाळी विसरले होते. अण्णांच्या आईला शेवटी शेवटी माणसं ओळखू येत नव्हती, हे ताईने जवळून पाहिलं होतं, मी नाही. तिचं म्हणणं होतं, अण्णांना आता एकटं ठेवणं बरोबर नाही, पुण्याला आणू. माझं म्हणणं होतं, ते त्यांचं घर आहे, त्यांची कडुनिंबाखालची खुर्ची आहे, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते काय करतील? ताई म्हणायची, तू तिथे बसून बोलतेस. तरी माझा नकार होता, आणि माझा नकार होता म्हणून ताई थांबली होती.

जुलैच्या मध्यावर विम एक छापील कागद घेऊन कुंपणाशी आला. विटांवर खुर्ची न मांडता उभाच राहिला. त्या नदीकाठच्या मैदानावर भलतंच काही घडत होतं. ज्या बापड्याने उभ्या जन्मात दोन-चार वेळा चेंडू कुंपणापलीकडे मारला असेल, तो तिथे रोज उठून मारत होता. बाकीच्यांचंही तेच. अख्खा हंगाम नासला होता आणि दहा-बारा म्हातारे रागावले होते. "तुझं मैदान चुकलंय, बूरव्राउ," विम म्हणाला. डच माणूस चूक सांगताना तिला साखर लावत नाही.

मी मूळ कागद पुन्हा उघडला. आता अक्षर ओळखीचं झालं होतं. उजव्या कुंपणाच्या रेषेवर स्पष्ट लिहिलेलं होतं, सहा साखळ्या. जमीन मोजायची साखळी सहासष्ट फुटांची असते, हे मी पहिल्या वर्षाच्या पुस्तकात वाचलेलं. सहा साखळ्या म्हणजे तीनशे शहाण्णव फूट. अण्णांनी लिहिले होते एकशे अठ्ठ्याण्णव. बाकीचे आकडेही असेच घसरलेले. ज्या माणसाने चौतीस वर्षं साखळी ओढली, तो साखळीची लांबी विसरला होता.

मी अण्णांना फोन केला नाही. काय विचारणार होते? अण्णा, साखळी किती फुटांची असते? आणि त्यांना ते सांगता आलं नसतं तर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं असतं, ते बघायची माझी छाती नव्हती. मी ताईला फोन केला आणि सगळं सांगितलं. तिने ते दोन्ही आकडे मला पुन्हा सांगायला लावले. मग म्हणाली, "म्हणजे आता तुझीही हरकत नाही." माझी हरकत उरली नव्हती. मी म्हटलं, "नाही." त्या एका शब्दावर सगळं ठरलं.

दहा दिवसांत ताईने वैद्यकीय कारण दाखवून पास मिळवला आणि गाडी घेऊन फलटणला गेली. तिने मला नंतर सांगितलं की अण्णांनी का म्हणून विचारलंसुद्धा नाही. एका पिशवीत कपडे घेतले, दुसरीत टॅबलेट, फूटपट्टी आणि पेन्सिली. घराला कुलूप लावताना ताईकडून किल्ली फिरेना, तर तेच म्हणाले, आधी कडी नीट बसव. रस्त्यात तीन ठिकाणी पोलिसांनी थांबवलं. अण्णा मास्क लावून मागच्या सीटवर बसून होते, टॅबलेटची पिशवी मांडीवर धरून.

पुण्याच्या फोनमध्ये पंखा दिसत नसे. ताई टॅबलेट नीट टेकवून ठेवायची, त्यामुळे अण्णा सरळ समोर दिसत, मागे सोफा. पुन्हा जेवलात का, जेवलो. मी नवं मैदान दाखवलं तर त्यांनी पाहिलं आणि चांगलं आहे म्हणाले. बाकं कुठल्या बाजूला असतील असं मी मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, "तुला माहीत असेल." आजार पुढे सरकतोय, असं मी आणि ताई एकमेकींना सांगत होतो. दोघीही किती शहाण्या!

सप्टेंबरात कालव्यापलीकडच्या मैदानावर पुन्हा माणसं आली, अंतर ठेवून का होईना. मी ते नदीकाठचं मैदान दुरुस्त करायला घेतलं. अण्णांचा कॅलेंडरवरचा कागद एका बाजूला, मूळ नकाशा दुसऱ्या बाजूला. एकेक आकडा सुधारत गेले आणि मध्येच थांबले. प्रत्येक आकडा बरोबर निम्मा होता. झाडापर्यंतचा, ओढ्यापर्यंतचा, फाटकाच्या रुंदीचा, अगदी पाव साखळीचासुद्धा. कुठेही एका फुटाचा फरक नाही. विसरणारा माणूस इतका नीटनेटका चुकत नाही.

मला राहवलं नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या मुंबई इलाख्याच्या मोजणीचं एक पुस्तक निघालं. त्यात पहिल्या दहा पानांतच होतं: या इलाख्यातली साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा भाग, एकेक भाग म्हणजे एक आणा. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, तो एक गुंठा. गुंठा तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, हे फलटणच्या शाळेतल्या पोरालाही येतं. मलाही येत होतं. फक्त तो तेहतीसचा आकडा कुठून आला, हे मी जन्मात कुणाला विचारलं नव्हतं. माझी साखळी परदेशी पुस्तकातली होती. अण्णांची साखळी त्यांच्या खांद्यावरून गेलेली होती, आणि ती त्यांना कडीन् कडी आठवत होती. अण्णा आजही त्या जागेला आपलं सहा साखळ्यांचं मैदान म्हणतात, आणि अमेरिकेत त्यातल्या एकेका साखळीची लांबी दुप्पट का, यावर त्यांची काही मतं आहेत.

पण त्या दिवशी ग्रंथालयात मला आनंद झाला नाही. म्हणजे क्षणभर झाला, तेवढाच. दूध माझंही उतू जातं. केलेले फोन मीही विसरते. एका चुकीवरून मी माझ्या वडिलांचं घर बंद केलं होतं, आणि ती चूकही त्यांची नव्हती. एक प्रश्न विचारला असता तर अण्णांनी एका वाक्यात उलगडा केला असता. रोज सकाळी मी त्यांना घोड्यांविषयी विचारत होते, झाडांविषयी, वाऱ्याविषयी. नेमकं तेवढंच विचारलं नव्हतं. सायकल हातात धरून मी चालतच घरी आले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अण्णा सोफ्यावर बसलेले. मी त्यांना सगळं सांगितलं, काही न गाळता. विमचा कागद, सहासष्ट फूट, ताईला केलेला फोन, माझा तो एक शब्द, आणि मग ग्रंथालयातलं पुस्तक. बोलताना मला रडू आलं. अण्णांनी ते थांबेपर्यंत वाट पाहिली. तेहतीस, असं एकदा स्वतःशीच म्हणाले आणि थोडे हसले.

मग म्हणाले, "आमच्या खात्यात मोजणीआधी नोटीस जायची. ज्याची जमीन त्याला, आणि शेजाऱ्यांनाही. अमुक दिवशी येतोय, हजर राहा. नोटीस न देता केलेली मोजणी बरोबर असली तरी टिकत नसे."

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"तुझी मोजणी चुकली, ते जाऊ दे. चुका होतात. पण मुक्ते, मला नोटीस द्यायला हवी होतीस."

त्यांनी ताईला हाक मारली. ती ओले हात पुसत आली आणि सोफ्यावर त्यांच्या शेजारी बसली. अण्णांनी मला सांगितलं, आता हिला सांग, मी इथे बसलेला असताना सांग. मी पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी रडले नाही. ताईचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. ती म्हणाली, आकडे बरोबर असतील, पण गॅस चालू राहिला होता तो राहिलाच होता ना? मला रोज धाकधूक होते तिचं काय? उद्या त्यांना तिथे काही झालं तर जायचं मलाच, विमानं बंद असताना तू येणार आहेस का? तिचं काही चूक नव्हतं. मी तसं म्हटलंही. मग आमच्या दोघींच्या लक्षात आलं की आम्ही पुन्हा अण्णांच्या डोक्यावरून एकमेकींशी बोलत होतो.

"अण्णा," ताईने विचारलं, "तुम्हाला कुठे राहायचंय?"

हे त्यांना त्या वर्षात कुणीच विचारलं नव्हतं. मला वाटलं, आता ते फलटण म्हणतील, आणि ताई रडेल, आणि मी इथून काहीच करू शकणार नाही. अण्णा म्हणाले, थंडी संपेपर्यंत राहतो इथेच, ही साथ काय म्हणते ते बघू, पुढचं पुढे. गॅसची भीती मलाही वाटते.

"पण घराची किल्ली माझ्याजवळ दे," त्यांनी ताईला सांगितलं.

ताई उठली. कपाट उघडल्याचा आवाज आला. तिने किल्ली आणून त्यांच्या तळहातावर ठेवली. अण्णांनी ती शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं.